लेन्सिंगांचा सांगावा

वेसेल तेब्बिंकनं रूरबेकच्या पोस्टात सदतीस वर्षं सायकल हाणली आणि एक पत्र हरवलं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बर्फ पडो, कुत्रं मागं लागो, पत्र त्याच दिवशी त्या घरात पडायचंच. एकदा ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं, तेव्हा गडी कमरेएवढ्या पाण्यातून पिशवी डोक्यावर धरून चालत आला. आणि पिशवीत काय, तर बियाण्यांच्या दुकानाच्या जाहिराती! लोक पोट धरून हसले. "अरे बाबा, बीटरूटच्या जाहिरातीसाठी मरशील एक दिवस," म्हणाले. वेसेल हसला नाही. "दिलेलं पोचवायला हवं," एवढंच म्हणाला आणि लाकडी बुटांतलं पाणी ओतून पुढच्या घराकडे निघाला.

पंचवीस वर्षं झाली तेव्हा खात्यानं त्याला बिल्ला दिला. नगराध्यक्षांनी निष्ठा, सचोटी वगैरे भाषण ठोकलं. त्याची बायको रीक पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसली होती, आणि हा वर चोरीचा माल घेऊन पकडल्यागत उभा. घरी आल्यावर रीक भडकलीच. "बिल्ला दिला तुला, फाशी नाही दिली! जरा हसला असतास तर दात पडले असते का?" वेसेलनं बिल्ला कपाटात चादरींच्या तळाशी सारला आणि गुरांना वैरण घालायला गेला.

रीक बिचारी काय ओळखणार? तो सांगायचाच नाही. त्याच्या पोटात एकोणीसशे शेहेचाळीस सालापासून एक न पोचवलेला निरोप पडून होता, आणि त्या एका निरोपापायी तो बाकीचे सगळे जिवावर उदार होऊन पोचवत होता.

तो निरोप लेन्सिंगांच्या घरचा. तेब्बिंकांचं घर रूरबेकच्या अगदी शेवटाला, आणि लेन्सिंगांचं तिथून नव्वद पावलांवर, पण मधे सीमेचा दगड. दगडाच्या अलीकडे हॉलंड, पलीकडे जर्मनी. बोली दोन्हीकडे एकच, शिव्याही त्याच. आमच्याकडे शेजारी कुणी निवडत नाही. तो घरालाच लागलेला असतो. लेन्सिंगांचे पहिले शेजारी तेब्बिंक आणि तेब्बिंकांचे पहिले शेजारी लेन्सिंग, हे पणज्याच्या पणज्यापासून ठरलेलं. राजे बदलले, दगड हलले, हे नातं हललं नाही.

पहिला शेजारी म्हणजे काय, तर घरात कुणी गेलं की घरच्यांनी फक्त त्याच्या एकाच दारात जायचं आणि सांगावा द्यायचा. एकदाच. मग घरच्यांनी काडीला हात लावायचा नाही, नुसतं रडायचं. मयताला धुणं-पुसणं, चांगले कपडे चढवणं, घरातलं घड्याळ थांबवणं, सुताराकडे आणि पाद्रीबाबांकडे जाणं, दारोदार खबर देणं, गोठ्यात जाऊन गुरांना आणि पेट्यांपाशी जाऊन मधमाश्यांना 'तुमचा धनी गेला' म्हणून सांगणं, शेवटी शवपेटी खांद्यावर घेणं, सगळं पहिला शेजारी उभा राहून करवतो. आणि सांगावा आला नाही तर? तर जायचं नाही. न सांगता पहिला शेजारी दारात उभा राहिला तर तो मेलेल्याचाही अपमान आणि स्वतःचाही. आता कुणी म्हणेल, काय हा हेकटपणा! असेल. पण आम्ही असेच आहोत.

लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मन सैनिक आमच्याकडची तरणी पोरं पकडून खंदक खणायला नेत होते. वेसेलचा थोरला भाऊ टोनिस आधीच नेलेला. अठरा वर्षांच्या वेसेलला न्यायला ट्रक आला तेव्हा कास्पर लेन्सिंगनं, म्हणजे पलीकडच्या कास्परकाकानं, त्याला मागच्या वाटेनं आपल्या घरी नेलं आणि गोठ्यावरच्या गवतात लपवलं. डच पोरगा जर्मन माणसाच्या माळ्यावर असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? पाच महिने तो तिथं होता. कास्परची बायको गेझिनामावशी भांड्यात शेंगदाण्याएवढी चरबी असली तरी ती त्याच्या वाट्याच्या बटाट्यांवर टाकायची. त्याला ताप आला तेव्हा तिनं शिडी चढून चमच्यानं सूप पाजलं. पकडले गेले असते तर कास्परला भिंतीला उभं करून गोळी घातली असती. हे वेसेलला तेव्हाही कळत होतं.

लढाई संपली. सीमेवर काटेरी तार आली, पहारेकरी आले. गावात लोक जर्मन म्हटलं की थुंकायचे, आणि का थुंकणार नाहीत? शेहेचाळीसच्या जानेवारीत कागद आला की टोनिस बाँबफेकीत गेला, आदल्या वर्षीच्या मार्चमध्येच गेला होता. वेसेलच्या आईनं अंथरूण धरलं. वडील, बेरेंट तेब्बिंक, मुळातच कमी बोलणारे, त्यांनी तर तोंडच शिवून घेतलं.

त्यानंतर आठच दिवसांनी, रविवारी दुपारी, मागचं दार वाजलं. वेसेलनं उघडलं. दारात कास्परकाकाची सतरा वर्षांची मुलगी हेडविग उभी. डोक्याला काळा रुमाल, स्कर्ट तारेनं फाटलेला.

"वेसेल, आमचे बाबा गेले. सकाळी. सांगावा घेऊन आले."

"बरं," वेसेल म्हणाला. "सांगतो."

नियमानं म्हणायचं असतं, 'आम्ही येतो.' तो म्हणाला, 'सांगतो.' हेडविग क्षणभर थांबली, मग गेली.

बेरेंट वीस पावलांवर गोठ्यात होते, गाय वीत होती. वीस पावलं! वेसेलच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, काखेत ट्रम्पेट. लढाईनंतर गावच्या बँडची ती पहिली तालीम, खानावळीच्या मागच्या खोलीत. बँडमधली पोरं आधीच त्याला टोचून खात होती. "काय रे, पाच महिने जर्मन गवतात बसून अंडी किती घातलीस?" आता हे सांगितलं की तालीम गेली खड्ड्यात. टोनिस नाही म्हटल्यावर पेटीची पुढची बाजू त्याच्याच खांद्यावर येणार. जर्मन माणसाची पेटी घेऊन तारेपाशी जायचं, मयतासाठी पहारेकरी पाठ फिरवायचे तेवढी माणुसकी उरली होती, आणि पलीकडच्या रस्त्यानं चर्चपर्यंत चालायचं, अख्ख्या गावानं बघायचं. आणि आई? टोनिसच्या आठवड्यात जर्मन मयत, आईला काय वाटेल? तो स्वतःला म्हणाला, आईसाठी संध्याकाळपर्यंत थांबू.

खोटं. आईचं नाव त्यानं नंतर आत घुसडलं. तो त्या पोरांना भ्याला होता, दुसरं काही नाही.

तो तालमीला गेला. परत आला तर वासरू जगलं होतं, आणि बेरेंट आठ दिवसांत पहिल्यांदा हसत होते. "ये, बघ, कपाळावर चांदणी आहे," म्हणाले. हे हसू कसं मोडायचं? उद्या सांगू. सोमवारी बेरेंट उजाडायच्या आत गिरणीला गेले. ते रात्री परतले तेव्हा दीड दिवस उलटला होता, आणि आता नुसतं 'कास्परकाका गेले' सांगून भागणार नव्हतं. मी दीड दिवस मूग गिळून बसलो होतो हेही सांगावं लागणार होतं. मंगळवारी ते आणखी जड झालं. असं कुणाचंही होतं हो, पण प्रत्येकाच्या वाट्याला मयत येत नाही.

बुधवारी सकाळी बापलेक कुंपण छाटत होते. बेरेंट एकदम थांबले. पलीकडच्या रस्त्यावर हातगाडी चालली होती, तिच्यावर पेटी. पुढून गेझिनामावशी ओढत होती, मागून हेडविग ढकलत होती. तिसरं माणूस नाही. त्यांच्याकडचे पुरुष कुठे होते तरी? निम्मे रशियात गाडलेले, उरलेले कैदेत.

"कास्पर गेला," बेरेंट म्हणाले. त्यांनी टोपी काढली. थंडीनं त्यांचे कान लाल झाले तरी टोपी हातातच. "गेला, आणि मला सांगावा नाही. वेसेल, मला सांगावा नाही! इतका परका झालो मी? आपण इकडचे आणि ते तिकडचे, एवढ्यानं?"

तेव्हा तो बोलू शकला असता. अजूनही धावत जाऊन बेरेंटनी गाडीचा दांडा हातात घेतला असता, वेसेलच्या दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि सगळं संपलं असतं. वेसेलनं कात्री उचलली आणि कुंपण छाटायला लागला.

तिथून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. तेब्बिंक म्हणायचे, लेन्सिंगांनी आम्हाला सांगितलं नाही. लेन्सिंग म्हणायचे, तेब्बिंक सांगूनही आले नाहीत. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण अशा गोष्टी विचारायच्या नसतात. एकसष्ट साली बेरेंट गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा विचारलं, "मी कास्परचं काय वाकडं केलं होतं रे?" वेसेल उशी सारखी करत राहिला. "लेन्सिंगांना सांगू नका," हे बेरेंटचं शेवटचं धड वाक्य. त्यांची पेटी निघाली तेव्हा समोरच्या घराच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, गेझिनामावशीचा राग फक्त बेरेंटवर. वेसेलवर तिची माया तशीच. तो सायकलवरून जाताना दिसला की ती अंगणातून हात वर करायची. तार निघाल्यापासून दर नव्या वर्षाला सीमेच्या दगडावर एक डबा ठेवायची. आत लोखंडी साच्यात भाजलेल्या पातळ गोड चकत्या, वर चिठ्ठी, 'वेसेलला'. तो डबा उचलायचा, कारण न उचलणं वाईट दिसलं असतं. एक चकती तोडून पुन्हा डब्यात टाकायचा. चकत्या कोंबड्यांच्या पोटात जायच्या आणि डबा धुऊन दगडावर परत.

चौऱ्याऐंशी साली आमची पालिका शेजारच्या मोठ्या पालिकेत विरघळायची होती. नाव पुसलं जाणार म्हणून सगळ्यांना एकदम इतिहासाचा पुळका आला. ठरलं, रूरबेकच्या प्रत्येक घराची हकिकत एका पुस्तकात छापायची. शाळेतले निवृत्त रूल्फिंकमास्तर कामाला लागले, आणि घरन् घर ठाऊक असलेला माणूस म्हणून प्रत्येक पान तपासायला वेसेलकडे यायला लागलं. कोणाची विहीर कधी खणली, कोणाचं छप्पर कधी जळलं, वेसेल पेन्सिलीनं दुरुस्त करायचा. सप्टेंबरात मास्तर त्याच्याच घराचं पान घेऊन आले.

"हे बघ, फक्कड जमलंय," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. वेसेलनं वाचलं. 'जानेवारी १९४६मध्ये लेन्सिंग कुटुंबानं सांगावा न देऊन दोन घरांचं दोनशे वर्षांचं शेजारपण तोडलं.'

"हे काढा," वेसेल म्हणाला.

"का? तुझ्या वडिलांनी मला स्वतः सांगितलंय. डोळ्यांत पाणी होतं माणसाच्या."

"सांगावा दिला होता त्यांनी."

"कोणाला दिला होता?"

वेसेल पेन्सिलीला टोक करायला लागला. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं पोरं शिकवलेला माणूस, खोड्या करणारं पोर ओळखतोच. त्यांनी पान टेबलावर ठेवलं. "शुक्रवारी छापखान्यात जातंय. काय ते लिहून दे."

म्हणजे आता अशी पाळी आली, की जिनं त्याला मरणातून वाचवलं तिच्यावर त्याचं स्वतःचं पाप छापील अक्षरात चिकटणार होतं, आणि तेही त्यानं तपासलेल्या पुस्तकात. आणि गेझिनामावशी नव्वदीची. ती गेली की सांगायला माणूसच उरणार नव्हतं. गुरुवारी पत्रं वाटून झाल्यावर वेसेल सायकल कुंपणाला लावून गणवेशातच निघाला. नव्वद पावलं. अडतीस वर्षांत त्यानं ती टाकली नव्हती.

हेडविग अंगणात बाकावर बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"इकडचं पोस्ट दुसरा माणूस आणतो," ती म्हणाली.

"हेडविग, मी बाबांना सांगितलंच नव्हतं."

तिनं हातातला बटाटा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुझं तोंड बघितलं होतं ना दारात. ट्रम्पेट घेऊन उभा होतास गाढवासारखा."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कोणाला? आईला?" हेडविगनं हात एप्रनला पुसले. "त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. आई दर घटकेला खिडकीशी. मग मला म्हणाली, खरं सांग, सांगावा कोणाच्या हातात दिलास? मी काय सांगू? तुझं नाव घेतलं असतं तर ती बाबांच्या शेजारीच आडवी झाली असती. ज्याला चमच्यानं पाजलं तो पोरगा! मी म्हटलं, बेरेंटकाकाच होते दारात. ऐकलं आणि दार लावून घेतलं माझ्या तोंडावर."

वेसेल बाकावर बसला. स्वतःच्या बापाच्या डोक्यावर हे ओझं कुणी घातलं हे त्याला आत्ता कळत होतं. एकानं सांगितलं नाही, एकीनं खोटं सांगितलं, आणि दोघांनी मिळून एका भल्या माणसाला पंधरा वर्षं जिवंतपणी आणि तेवीस वर्षं मेल्यावर दोषी ठरवलं.

"आता ऊठ आणि जा," हेडविग हळू आवाजात म्हणाली. "पुस्तकात काय हवं ते घाल. गैरसमज झाला म्हण. तिला काही वाचता येत नाही आता, डोळे गेले. तुझ्यावर जीव आहे तिचा. तेवढं तरी राहू दे तिला."

खोटं कशाला बोलू, वेसेलला ते पटलं होतं. तो उठलाही होता. गैरसमज! काय छान शब्द आहे, कुणाच्याच अंगाला लागत नाही. पण आतून आवाज आला.

"हेडविग, कोण आहे? वेसेलची पावलं आहेत का ती?"

आता काय करणार? तो आत गेला. गेझिनामावशी चुलीशेजारी खुर्चीत बसली होती, वाळून एवढीशी झालेली. तिनं हात पुढे केला, त्यानं धरला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन मांडीवर ठेवला.

"आलास. मला ठाऊक होतं, मी मरायच्या आत येशील. आमच्या माळ्यावरचा पोरगा माझा! तू बापावर गेला नाहीस रे, देवाची कृपा. मृतांच्या दिवशी मी सगळ्यांच्या नावानं मेणबत्ती लावते. जर्मन, डच, ज्यांनी आमच्या घरावर बाँब टाकला त्यांच्याही. एक बेरेंट तेब्बिंक सोडून. त्याच्यासाठी हातच उचलत नाही."

दारात हेडविग मान हलवत उभी होती, नको, नको.

"मावशी," वेसेल म्हणाला, "बाबा दारात नव्हते. मी होतो. हेडविगनं मला सांगितलं आणि मी बाबांना सांगितलं नाही. त्यांना कळलंच नाही. त्यांनी तुमची गाडी बघितली आणि टोपी काढून उभे राहिले. त्यांना वाटलं तुम्हीच सांगावा दिला नाही. मरेपर्यंत त्यांना तेच वाटलं."

म्हातारीचे हात तसेच राहिले. मग एकेक करून तिनं बोटं सोडवली, त्याचा हात स्वतःच्या मांडीवरून उचलला आणि त्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. अगदी हळू. चुलीवर पाणी खळखळत होतं, ते कुणी उतरवलं नाही.

वेसेलनं अडतीस वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. बँडची पोरं, आईचं आजारपण, वासरू. 'का केलंस?' म्हणून ती विचारील, मग मी सगळं सांगीन आणि रडून मोकळा होईन. तिनं विचारलंच नाही.

"हेडविग," ती म्हणाली, "माझे बूट आण. आणि काळी शाल."

"आई, कुठे निघालीस?"

"बेरेंटकडे."

चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांनी तिला नेलं. जाताना वेसेल ढकलत होता. रूरबेकच्या रस्त्यानं, बेकरीवरून, खानावळीवरून. लोक दारात येऊन बघत होते. लेन्सिंगांची म्हातारी सीमेच्या अलीकडे आलेली कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती. दफनभूमीत तेब्बिंकांच्या दगडापाशी तिनं खुर्ची थांबवायला लावली. हात पुढे करून दगड चाचपला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बेरेंट, मी गेझिना. कास्परची." तिचा आवाज कोर्टात बोलल्यासारखा मोठा होता. "अडतीस वर्षं शिव्या घातल्या तुला. तू गेलास तेव्हा पडदा ओढला मी. तुला ठाऊकच नव्हतं रे, बाबा! चुकलं माझं. तूही मला नावं ठेवली असशील, ठेव, तुझा हक्क होता. कास्पर सकाळी गेला, रविवारी. त्यानं तुझं नाव घेतलं होतं, म्हणाला, बेरेंट सगळं नीट करील. हे आता सांगते तुला. उशीर झाला."

वेसेल मागे उभा होता. माफी जिनं मागायची नव्हती ती मागत होती, ज्यानं द्यायची होती तो मातीत होता, आणि ज्यानं हे सगळं केलं त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. त्याला वाटलं, हिनं मला काठीनं मारावं. एक शिवी तरी द्यावी.

"चला," गेझिनामावशी म्हणाली. वेसेलनं खुर्चीला हात घातला. "तू नको. हेडविग ढकलील."

त्या संध्याकाळी त्यानं रीकला सगळं सांगितलं. रीक नुसती टेबल पुसत राहिली, पुसलेलंच पुन्हा. मग म्हणाली, "तुझ्या बापाच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी होते. विचारत होता तो. आणि तू माझ्यासमोर उशी झटकत होतास." त्यानंतर ती तीन दिवस त्याच्याशी फक्त जेवणाखाणापुरतं बोलली.

मास्तरांना त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. सांगावा कुणी दिला, कुणाला दिला, कुणी दाबला. "नाव घालायचं?" मास्तरांनी विचारलं. "घाला," वेसेल म्हणाला. "निदान पूर्ण नको, नुसतं तेब्बिंक..." मास्तर म्हणाले. "वेसेल घाला. नाहीतर लोक बाबांचं समजतील."

डिसेंबरात पुस्तक आलं. आमच्या लोकांना पुस्तकं वाचायची सवय नाही, पण शेजाऱ्याचं पान कोण सोडतं? तोंडावर कुणी काही बोललं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. फक्त बेकरीत यान विगर्स म्हणाला, "वेसेल, माझं काही पत्र आलं असेल तर आजच दे हं. अडतीस वर्षं थांबायला मी नसेन." सगळे हसले, वेसेलही हसला, आणि पाव घेऊन बाहेर आल्यावर सुटे पैसे काउंटरवरच राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं. परत आत जायचा धीर झाला नाही. त्या नव्या वर्षाला दगडावर डबा नव्हता.

फेब्रुवारीच्या एका सकाळी वेसेल दाढी करत होता तेव्हा त्याला खिडकीतून लेन्सिंगांच्या घराची सगळी दारं-खिडक्या लावलेल्या दिसल्या, मयताच्या घराच्या लावतात तशा. त्याला कळलं. त्यानं अर्धी दाढी तशीच पुसली, काळा कोट चढवला आणि स्वयंपाकघरात मागच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. हेडविग येणार. आली तर ह्याच दारात येणार, दुसरीकडे जाऊन चालायचं नाही. तिनं तोंड उघडायचा अवकाश, तो म्हणणार होता, 'आम्ही येतो.' त्यानं ते दोन शब्द मनात म्हणून पाहिले. मग सायकल काढून घरोघर जाणार होता, रूरबेकमधली अकरा आणि पलीकडची सहा घरं. मधमाश्यांना सांगणार होता, पेटीची पुढची बाजू घेणार होता. अठ्ठावन्न वर्षांचा खांदा होता, पण चालला असता. म्हातारीनं माफ केलं नसेल, न करू दे. शेजारधर्म माफीवर चालत नाही.

दार वाजलं. त्यानंच उघडलं. हेडविग आत आली, रुमाल डोक्याला, डोळे सुजलेले. ती त्याच्यासमोर क्षणभर थांबली. मग त्याला वळसा घालून ती चुलीपाशी उभ्या असलेल्या रीककडे गेली.

"रीक, आई गेली. पहाटे. सांगावा घेऊन आले, तुला."

रीकनं वेसेलकडे पाहिलं, मग हेडविगकडे. "हे आहेत ना इथं."

"आईनं बजावून ठेवलं होतं," हेडविग म्हणाली. तिला ते बोलणं जड जात होतं, पण ती बोलली. "म्हणाली, तेब्बिंकांकडेच जा, तेच आपले पहिले शेजारी. पण बाईच्या हातात दे. त्याच्या नको."

मग रीकनं एप्रनची गाठ सोडली, एप्रन खुर्चीवर टाकला आणि हेडविगचा हात धरला.

"आम्ही येतो," रीक म्हणाली.

तिनं खुंटीवरचा कोट घेतला. दारात थांबून, वेसेलकडे न बघता, तिनं विचारलं, "तुझी सायकल नेऊ का? माझ्या चाकात हवा नाही."

"ने," वेसेल म्हणाला. त्यानं सायकल बाहेर काढून दिली, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि फाटक उघडून धरलं.